पेन्सिलीच्या रेघा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हे घरात ठाऊक आहे, कागलच्या कंपनीत ठाऊक आहे, आणि गेली नऊ वर्षं कुठल्या कुठल्या देशांत बसून जी माणसं मला चुका कळवतात त्यांनाही ठाऊक झालं आहे. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. पण "आधी माहिती नीट वाचा, मग लिहा" हे माझं ठरलेलं उत्तर त्यांनी पुष्कळदा वाचलं आहे.

माझं नाव वर्षाराणी. वडिलांनी हौसेनं ठेवलं, आता त्याला इलाज नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॅमेऱ्यामागचं काम करते. पट्ट्यावरून सिलिंडर सरकत येतात, कॅमेरा त्यांचे फोटो काढतो, आणि कुठे ओरखडा आहे, कुठे छिद्र राहिलंय ते माझा प्रोग्राम सांगतो. त्यासाठी फोटो तपासायचा आणि सुधारायचा जो कोड मी लिहिला, तो मालकांच्या परवानगीनं सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही घ्यावा, वापरावा, बिघडला तर कळवावं, जमलं तर दुरुस्त करून परत द्यावा. याला ओपन सोर्स म्हणतात. अशा कोडच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. माझ्या लायब्ररीचं नाव 'निरख'.

'निरख'चा सगळ्यात नावाजलेला भाग म्हणजे रेघा शोधणारा. सिलिंडरच्या आतल्या चकचकीत भिंतीवर केसाएवढा ओरखडा असला तरी तो सोडत नाही. पुढे जुने फोटो स्कॅन करणाऱ्या मंडळींना त्याचा शोध लागला. जुन्या निगेटिव्हवर ओरखडे असतातच. त्यांच्या आग्रहाखातर मी एक पर्याय घातला, 'रेघा काढ'. रेघ सापडली की ती पुसायची आणि आजूबाजूचं बघून ती जागा भरून टाकायची. सगळ्यांना तेच हवं होतं, म्हणून हा पर्याय मी मुळातच चालू ठेवला. ज्याला नको असेल त्यानं बंद करावा.

दिवाळीच्या आधी एक तक्रार आली. मी कसबा बावड्यात कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते, फोनवर वाचली. 'रेघा काढ' चालू असताना जुन्या निगेटिव्हमधले चेहरे बिघडतात, असं कुणीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. नमुना नाही, पायऱ्या नाहीत, काही नाही. मी तिथल्या तिथे लिहिलं, "रेघा काढल्यावर रेघा जातात, हे अपेक्षितच आहे. तुमची मूळ निगेटिव्ह खराब असेल." आणि तक्रार बंद करून टाकली. बस यायच्या आत काम उरकलं म्हणून मला बरंही वाटलं. त्या तक्रारीत आणखी एक वाक्य होतं, पर्याय बंद केला तरी फरक पडत नाही म्हणून. ते मी वाचलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याच माणसानं पुन्हा लिहिलं. फार अदबीनं लिहिलं होतं. या वेळी सोबत दोन फाइली होत्या. एक निगेटिव्ह ओरखड्यांसकट जशीच्या तशी स्कॅन करून फोटोसारखी सुलटी केलेली, दुसरी 'निरख'मधून काढलेली. दुपारी कॅन्टीनमध्ये डबा खाता खाता मी पहिली फाइल उघडली.

अठरा-एकोणीस वर्षांची, नऊवारी नेसलेली मुलगी. हात वेताच्या तिवईवर. मागे रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याचा जिना आणि जिन्यावर मोर. त्या मोराचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड होता.

माझा घास हातातच राहिला. समोर आदर्श बसला होता. तो आमच्या विभागातला पोरगा, 'निरख'चं अर्धं काम आता तोच बघतो. "काय झालं मॅडम? भाकरी अडकली का काय?" त्यानं विचारलं.

तो मोर मी तीन उन्हाळे रोज सकाळी फडक्यानं झटकला होता. बावड्याच्या मुख्य रस्त्यावरचा नूर फोटो स्टुडिओ. इकबाल मास्तरांचा.

मग दुसरी फाइल उघडली. तीच मुलगी, तोच मोर. पण पहिल्या फोटोतला नितळ चेहरा गेला होता, आणि गालांवर, कपाळावर, हनुवटीवर देवीचे वण उमटले होते. बारीक, खोल, काळे. बघणाऱ्याला वाटावं की पहिला फोटो खोटा आणि हा खरा. मला मात्र बघताक्षणी कळलं की माझ्या प्रोग्रामनं काय पुसलंय.

मी कॉलेजात असताना सुट्टीत घरी बसून काय करणार म्हणून वडिलांनी मला मास्तरांकडे रिटचिंग शिकायला घातलं. साल शहाण्णव. तेव्हा मास्तर पन्नाशीचे होते, केस मेंदीनं लाल, शर्टाच्या खिशात कायम चार पेन्सिली. मागच्या खोलीत त्यांचं रिटचिंगचं मेज होतं. उतरतं लाकडी मेज, मध्ये दुधी काच, काचेखाली दिवा. त्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि भिंगातून बघत पेन्सिलीनं काम करायचं. पेन्सिलीचं टोक बोटभर लांब काढायचं, मग पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं. पहिला आठवडा मी नुसती टोकं काढली आणि मोडली. मास्तर रागावले नाहीत. रागवायचं काम मीच करत होते, पेन्सिलीवर.

आता हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चेहऱ्यावरचा खड्डा म्हणजे फोटोत एक सावली. निगेटिव्हवर सगळं उलटं, सावलीची जागा तिथे पारदर्शक असते. त्या जागेत पेन्सिलीच्या बारीक रेघा भरल्या की छापताना तिथून उजेड कमी जातो, आणि कागदावर ती जागा उजळून येते. खड्डा भरून निघतो. रेघ जरा जाड झाली तर पांढरा ठिपका, जरा कमी पडली तर खड्डा तसाच. हे सगळं मसुराच्या डाळीएवढ्या जागेत.

"पुसायचं न्हाय गं, भरायचं," मास्तर म्हणायचे. "पुसलं की तोंड मैद्याच्या गोळ्यावानी हुतंय."

माझ्या वेळेपर्यंत देवी जाऊन वीस वर्षं झाली होती. माझ्या वाट्याला मुरुमं आणि म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या आल्या. पण मास्तरांच्या फळीवर जुन्या निगेटिव्हचे डबे होते. बावडा, वडणगे, हातकणंगले, कुठून कुठून मुली यायच्या, स्थळाकडे फोटो पाठवायचा म्हणून. आई-बाप बाहेर बाकावर बसायचे. देवी येऊन गेलेल्या मुली कॅमेऱ्यासमोर मान खाली घालायच्या. त्यांच्या निगेटिव्ह मास्तर मला दाखवायचे, आणि कुठली रेघ त्यांची, कुठला नंतर पडलेला ओरखडा, ते ओळखायला सांगायचे.

"उजेडासमोर सरळ धरू नगंस. तिरकी धर. सरळ धरलीस तर तोंड दिसंल, तिरकी धरलीस तर रेघ दिसंल."

ती दुपार, खिडकीला लावलेलं काळं कापड, त्याच्या भोकातून येणारा उन्हाचा एक कवडसा, साखर कारखान्याकडून येणारा मळीचा वास आणि बाहेर बाकावर कुणाची तरी कुजबूज. मला आजही त्या खोलीत जाऊन बसावंसं वाटतं. तसं सुख मला पुढे पगारानं दिलं नाही आणि पदवीनं तर नाहीच नाही.

मग रंगीत फोटो आले, शाहूपुरीत लॅब निघाल्या, आणि मेज भिंतीकडे सरकलं. मी इंजिनीअर झाले. स्टुडिओवरून रोज जात होते, आत मात्र गेले नाही. कारण असं काहीच नव्हतं. नुसतं राहून गेलं.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी थेट तिथे गेले. काउंटरवर सबिना होती, मास्तरांची मुलगी. माझ्या वेळी ती दहा-बारा वर्षांची होती आणि पेन्सिली पळवायची. आता चाळिशीची, चष्मा, समोर पासपोर्टच्या फोटोंची थप्पी.

"वर्षाताई?" ती उठून बाहेर आली. "आज कुनीकडं वाट चुकला?"

मी फोनवर ती दोन चित्रं दाखवली. "हे तू पाठवलंस?"

"व्हय. पर ते तर तिकडं परदेशात पाठवलंतं की. तुमच्याकडं कसं आलं?"

"परदेशात नाही. कागलला. ती लायब्ररी माझी आहे."

सबिनानं चष्मा वर सरकवला. "म्हंजे 'तुमची मूळ निगेटिव्ह खराब असेल' असं लिवनारी तुमी?"

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

तिनं मला बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि मग एकेक सांगितलं. मास्तरांना साखर. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. डाव्या डोळ्यात मागच्या पडद्यावर मधूनच रक्त उतरतं. डॉक्टर म्हणाले, आज दिसतंय तोवर बघायचं ते बघून घ्या. मास्तरांनी मुलीकडे एकच गोष्ट मागितली. आपलं सगळं काम एकदा मोठं करून बघायचं. जन्मभर ते भिंगातून नखाएवढ्या जागेत बघितलं होतं. सबिनानं स्कॅनर घेतला, चांगल्यातला चांगला, आणि बाराशे निगेटिव्ह रोज पन्नास-साठ अशा करत उतरवल्या. ओरखडे जावेत म्हणून 'निरख'मधून काढल्या. मग एका रविवारी घरातल्या मोठ्या टीव्हीवर लावल्या.

"अब्बा खुर्ची घिऊन टीव्हीच्या पुढ्यात बसलं. नवा कुरता घातलता," सबिना म्हणाली. "पयलं तीन फोटू बघितलं. चौथा ह्यो. धोंडुबाईंचा."

"कोण धोंडुबाई?"

"आपल्याकडं दूध घालत्यात त्या. ह्यो त्येंचाच की, लग्नाआधीचा. अब्बांनी लई वेळ बघितलं. मग मला म्हनलं, 'ह्ये कुनी केलंय काम?' म्या म्हनलं, तुमीच केलंय. मग म्हनलं, 'मला वाटत हुतं, मी चांगलं काम करत हुतो.' आनि उठलं. त्या दिवसापास्नं टीव्हीम्होरं बसलं न्हाईत. डबं भंगारात घाल म्हनत्यात."

मी म्हणाले, "तू सांगितलं नाहीस का, प्रोग्राममध्ये काहीतरी चुकतंय म्हणून?"

"सांगितलं की. साधा स्कॅन दाखवते म्हनलं, तर बघायलाच तयार न्हाईत. म्हनून तर तिकडं विचारलं. आनि जे उत्तर आलं ते त्येंना वाचून दाखवलं. तुमचंच."

चहा आला होता. तो मला पिववला नाही. मला माझी इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. शिकलेली, नावाजलेली बाई मी, आणि ज्या माणसानं मला बघायला शिकवलं त्याला मी पाच शब्दांत सांगितलं होतं की तुझं मूळ कामच खराब.

मास्तर आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. मेंदी लावणं सोडलेलं, केस पांढरेशुभ्र. मी पाया पडले तर आवाजावरून ओळखलं. "वर्षा? टोकं मोडनारी?"

मी त्यांना समजावायला गेले. चूक माझ्या प्रोग्रामची आहे, तुमच्या रेघा त्यानं ओरखडे समजून पुसल्या, तुमचं काम निगेटिव्हवर जसंच्या तसं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात हलवला.

"मशीन कशाला खोटं बोलंल? जे हाय ते दाखवतंय. तवाच्या भिंगात मला कमी दिसलं आसंल. लोकंबी गरीब, चांगलं म्हनायची."

"मास्तर, मला दोन आठवडे द्या. मी दाखवते."

"दाखव," ते म्हणाले. "पर बिगी बिगी. ह्यो डोळा काय माझ्या हुकमातला न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. बावडा ते कागल बसमध्ये लॅपटॉप मांडीवर, दुपारी कॅन्टीनमध्ये, रविवारी घरी. पहिली चूक एका तासात सापडली. सबिनानं स्कॅन फार बारकाईचे केले होते, प्रत्येक ठिपक्यात दुप्पट माहिती. तसल्या फाइलींसाठीचा भाग मी सहा वर्षांपूर्वी घाईघाईत लिहिला होता, आणि त्यात 'रेघा काढ' हा पर्याय कायमचा चालू ठोकून दिला होता. वापरणाऱ्यानं बंद केला तरी तिथे कुणी विचारत नव्हतं. त्या ओळीशेजारी माझ्याच हातची टीप होती, "नंतर बघू".

ते दुरुस्त केलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. पर्याय बंद केला की मास्तरांच्या रेघा राहात, पण त्यांच्यासोबत पन्नास वर्षांचे ओरखडेही राहात. धोंडुबाईंच्या दोन्ही डोळ्यांवरून एक आडवी रेघ गेलेली. मास्तरांना हे दाखवायचं? तेव्हा प्रोग्रामला हाताची रेघ आणि ओरखडा यातला फरक शिकवायला हवा होता. मी आधी आखूड रेघा ठेवायला सांगितलं, तर धुळीचे तंतूही राहिले आणि निम्म्या नवऱ्या मुलींना मिशा आल्या. आदर्श हसून हसून टेबलावर पडला.

हसून झाल्यावर त्यानं रास्त मुद्दा काढला. "मॅडम, पेन्सिलीनं रिटच केलेल्या निगेटिव्ह आख्ख्या जगात किती जनांकडं असतील? बाकीच्यांचं सगळं यवस्थित चाललंय. एका स्टुडिओसाठी मूळचा पर्याय बदलायचा? लोक शिव्या घालतील."

"घालू देत. मी पण घालते."

"ते म्हाईत हाय. पर कारन लिवावं लागंल न्हवं?"

मी कारण लिहायला बसले आणि लिहिता लिहिता थांबले. 'निरख'मधला रेघा शोधायचा भाग जगात नावाजला तो एका गोष्टीमुळे. चित्र सरळ न बघता तो त्यावर तिरका उजेड पडला असता तर काय दिसलं असतं ते आधी मांडतो, आणि मग रेघ शोधतो. ही युक्ती तुला कशी सुचली, असं मला एका परिषदेत विचारलं होतं, आणि मी मोठ्या तोऱ्यात गणित सांगितलं होतं. सरळ धरू नगंस, तिरकी धर. मास्तरांनी दिलेल्या नजरेनं मी मास्तरांचाच हात पुसणारं यंत्र बनवलं होतं. पेन्सिलीच्या रेघा असतात हे ज्या मोजक्या माणसांना ठाऊक, त्यांतली मी एक, आणि तो पर्याय लिहिताना मला त्या आठवल्याही नव्हत्या. बस तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला उभी होती. मला तिथे रडू आलं, आणि शेजारच्या अकाउंट्सच्या बाईंनी न विचारता रुमाल दिला.

आदर्शला मी हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं नवा कोड तपासणाऱ्या चाळीस चाचण्या लिहून आणल्या.

मग मी मास्तरांची एकच निगेटिव्ह घेऊन दोन दिवस नुसती बघितली. त्यांच्या रेघा स्वल्पविरामाएवढ्या, सगळ्या साधारण सारख्या लांबीच्या, एका जागी घोळक्यानं, आणि सावली संपली की संपणाऱ्या. ओरखड्याला चेहरा कळत नाही, तो पदरावरून गालावर आणि गालावरून मोरावर जातो. हाताला कळतो. हा फरक कोडमध्ये उतरला आणि अकराव्या दिवशी पहिला स्वच्छ फोटो बाहेर आला. डोळ्यांवरची आडवी रेघ गेली, गालावरचं काम राहिलं. पर्यायाचं नाव आम्ही बदललं. आता तीन पर्याय होते. सगळ्या रेघा काढ, ओरखडे काढ पण हाताच्या ठेव, काहीच करू नको. मूळचा म्हणून मी मधला ठेवला.

सबिनाला कळवायला फोन उचलला तर तिचाच आला. आदल्या दिवशी मास्तरांच्या डाव्या डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं होतं. उजेड-अंधार कळत होता, आकार कळत होते, माणूस कळत नव्हतं. रक्त निवळलं तर निवळलं, असं डॉक्टर म्हणाले होते.

तीन आठवडे. बसची वाट बघत मी ती तक्रार बंद केली, तिथून तीन आठवडे वाया गेले होते. हा हिशेब मी तेव्हापासून रोज करते.

तरी रविवारी सकाळी मी गेले. मास्तर यायला तयार नव्हते. सबिनानं हात धरून आणलं आणि टीव्हीसमोर खुर्चीत बसवलं. मी धोंडुबाईंचा फोटो लावला. मोठ्या पडद्यावर ती मुलगी उभी राहिली, चेहरा नितळ, आणि तरी मैद्याचा गोळा नाही. त्वचा त्वचेसारखी दिसत होती. इतकं सुंदर काम मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

मास्तर पुढे वाकले. नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले. "पांढरं कायतरी हाय," ते म्हणाले. "वण दिसत्यात?"

"न्हाईत, मास्तर."

"तू न्हाईतच म्हननार. तू माझी पोरगी. आनि ही सबिना, हीबी न्हाईतच म्हननार." ते खुर्चीत मागे रेलले. "ऱ्हाऊ द्या. बंद करा."

त्यांना पटवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. एवढ्यात दारातून हाक आली, "सबिनाऽ, भांडं आन गं."

धोंडुबाई किटली घेऊन आत आल्या. सत्तरीच्या, काटक. त्यांच्या तोंडाला बावड्यात कुणी लागत नाही. दुधात पाणी आहे म्हणणाऱ्या एका प्राध्यापकाला त्यांनी हाताला धरून गोठ्यात नेलं होतं आणि त्याच्यासमोर म्हैस पिळली होती. त्यांची नजर टीव्हीवर गेली.

"आगं बया! ह्यो माझा फोटू कुनी लावला हितं?"

"धोंडुबाई," मास्तर ताठ बसले. "हिकडं या. तुमी कुनाची भीड धरत न्हाईसा. ह्या फोटूत तुमच्या तोंडावर वण दिसत्यात का, खरं सांगा."

सबिनानं माझा दंड घट्ट धरला. धोंडुबाईंच्या तोंडावर देवीचे वण आहेत, हे सगळ्या बावड्याला दिसतं, पण त्यांच्यासमोर तो शब्द कुणी काढत नाही. त्यांनी किटली खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि पडद्याजवळ गेल्या. आपला डावा हात त्यांनी स्वतःच्या गालावर ठेवला आणि उजव्या हाताचं बोट फोटोतल्या गालावर.

"ह्यो हितला मोठा," त्या गालावरचा खड्डा चाचपत म्हणाल्या. मग पडद्यावरचं बोट सरकवलं. "तितं न्हाय."

"डाव्या भुवईखाली एक लांबट हुता," मास्तर म्हणाले.

"हाय की. हितं हाय." बोट पडद्यावर गेलं. "न्हाय."

"हनुवटीवर दोन. एकाला एक चिकटून."

धोंडुबाईंनी हनुवटी चाचपली. "हायत." पडद्यावर बघितलं. "न्हाईत."

"कपाळावर केसाच्या कडंला बारीक बारीक..."

"न्हाईत, मास्तर. एकबी न्हाय." मग त्या थांबल्या, वाकल्या, डोळे बारीक केले. "आरं, ह्यो हाय की. नाकाच्या उजव्या अंगाला. ह्यो एक दिसतोय."

चाळीस चाचण्या झाल्या, बाराशे फोटो तपासले, आणि एक चूक राहिलीच. मी लॅपटॉप ओढला. मास्तरांकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मास्तर हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत.

"त्यो मी ठेवलाय," ते म्हणाले. "समदंच भरलं तर आईनं पोरीला वळखायचं कशावरनं? म्हनून एक ठेवला." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "म्हंजे ह्ये माझंच काम हाय."

धोंडुबाईंचं बोट अजून तिथेच होतं, नाकाशेजारी. "माझ्या मालकांनी उभ्या जल्मात कदी मोजलं न्हाईत," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"एकोनतीस," मास्तर म्हणाले. "अठ्ठावीस भरलं."

धोंडुबाई तिथेच टीव्हीसमोर फरशीवर बसल्या, दुधाचं पुढे काय करायचं ते विसरून. मास्तरांनी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

"वर्षा," ते म्हणाले, "पुढचा लाव. कोन हाय तेवढं तुमी सांगा. काय केलंय ते मी सांगतो."